भिंत रंगवून झाली असेल, तर लाईट बिलाचं बोलू

पोस्ट मोठी आहे. पण शेवटपर्यंत वाचा, आणि मग शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल द्या.

आमच्या झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीनं गेल्या आठवड्यात एका मोठ्या कंपनीला लेखी 'नको' कळवलं. कंपनीला आपल्या स्वयंसेवा दिनानिमित्त एका शनिवारी ८० कर्मचारी पाठवून शाळेच्या भिंती रंगवायच्या होत्या आणि मुलांना दप्तरं वाटायची होती. आम्ही म्हटलं, भिंती राहू द्या, आमच्या आराखड्यातलं कुठलंही एक काम घ्या. उत्तर आलं, यंदाचा उपक्रम रंगकामाचा ठरलाय, बदल होणार नाही. मग आम्हीही ठराव केला. तेव्हापासून गावात आणि दोन-तीन व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच चर्चा आहे. "दारात आलेली लक्ष्मी परत पाठवली." "फुकटचं मिळतंय तर यांना माज आलाय."

मी त्या समितीवर पालक सदस्य आहे. ठरावावर माझी सही आहे. म्हणून हे उत्तर.

आधी 'दान' हा शब्द बाजूला ठेवू. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ काय म्हणतं ते बघा. आदल्या वर्षी ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त असेल, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. म्हणजे सरासरी नफा १०० कोटी असेल तर वर्षाला २ कोटी. सुरुवातीला नाही खर्च केले तर कारण सांगून सुटता यायचं. २०२१ च्या जानेवारीपासून तेही गेलं. आता न खर्चलेली रक्कम ठरलेल्या निधीत किंवा वेगळ्या खात्यात भरावी लागते, नाहीतर दंड. म्हणजे साध्या मराठीत हे देणं आहे. वाण्याचं बिल चुकतं केलं म्हणून कुणी आपल्याला हार घालत नाही, मग इथं नारळ, शाल, बुके कशासाठी?

त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, ते आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येकानं पाठ करावं असं आहे. कंपनी जिथं काम करते, तिथल्या स्थानिक परिसराला प्राधान्य द्यायचं. चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे हा तो परिसर. रस्त्यात अडकलेले कंटेनर, दोन खोल्यांत दहा माणसं आणि शाळेत दर जूनला वाढणारा पट, हे सगळं याच परिसरात आहे.

आता कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवेकडे येऊ. अनेकांना वाटतं की ८० माणसं दिवसभर राबली, तो कंपनीचा खर्च झाला. तसं नाही. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं आहे की कर्मचाऱ्यांचा सहभाग पैशात मोजून सीएसआर खर्चात धरता येणार नाही. कर्मचाऱ्यांना सहभागी जरूर करा, त्यांना अभिमान वाटेल, आपुलकी वाढेल, पण हिशोबात धरू नका. चांगला नियम आहे. पण त्यातूनच दुसरी गोष्ट दिसते. हा दिवस मुख्यतः कर्मचाऱ्यांसाठी असतो. रोज स्क्रीनसमोर बसणाऱ्यांना जरा मोकळी हवा, टीम जमते, फोटो निघतात, वार्षिक अहवालाचं एक पान भरतं. यात वाईट काही नाही. फक्त मग तसं म्हणा. सहल आहे म्हणा. आणि सहलीला जागा लागते, तर शाळेनं हॉलसारखं भाडं लावायला काय हरकत आहे?

हे कडवट वाटत असेल तर आमच्याकडे काय होतं ते सांगतो. गेल्या चार वर्षांत आमच्या शाळेची तीच दर्शनी भिंत तीन वेळा रंगवली गेली. तीन वेगळ्या कंपन्या, तीन वेगळे टी-शर्ट. पहिल्यांदा सूर्यमाला काढली, दुसऱ्यांदा तिच्यावर पांढरा हात मारून फुलपाखरं, तिसऱ्यांदा फुलपाखरांवर स्वच्छतेचे संदेश. मागची भिंत, जिच्यातून पावसाळ्यात पाणी झिरपतं, ती कुणी रंगवली नाही. तिथं ऊन पडत नाही, फोटो चांगला येत नाही. आणि खरं म्हणजे तिला रंग नकोच आहे, गवंडी पाहिजे.

त्या दिवशी शाळेवर काय पडतं तेही ऐका. शनिवारी शाळा सकाळची असते. पाहुणे यायला साडेदहा. म्हणजे मुलं दुपारपर्यंत थांबवायची. बाईंनी आदल्या दिवशी स्वागतगीत बसवायचं, मुख्याध्यापकांनी बुके आणायचा, पाण्याचे जार मागवायचे. आमच्या शाळेला शिपाई नाही, त्यामुळे पाहुणे गेल्यावर डबे, ब्रश, थर्माकोलच्या प्लेटा उचलायच्या त्या मुलांनी आणि शिक्षकांनी. नंतर लेटरहेडवर आभारपत्र द्यायचं, त्याचा मजकूर कंपनीकडूनच येतो. त्यात लाभार्थी संख्या लिहायची. आमच्याकडे पावणेदोनशे मुलं आहेत. तीन कंपन्यांनी तीच मुलं आपापल्या अहवालात लाभार्थी म्हणून लिहिली. कागदावर सव्वापाचशे मुलांचं भलं झालं. वर्गात मात्र पावणेदोनशेच, आणि मुलींच्या बाथरूमला पाणी नाही ते नाहीच.

आता थोडा हिशोब, पाचवीच्या गणितातला. समग्र शिक्षा अभियानात शाळेला पटानुसार संयुक्त अनुदान मिळतं. १०१ ते २५० मुलांच्या शाळेला वर्षाला ५० हजार रुपये. यातच खडू-फळा, किरकोळ दुरुस्ती, लाईट बिल, साफसफाई. स्वच्छतेसाठी येणाऱ्या मावशींना महिन्याला ३ हजार धरले (आणि एवढ्यात कोण येतं, ते मला सांगा), तरी वर्षाचे ३६ हजार गेले. उरले १४ हजार. त्यात बारा महिन्यांचं लाईट बिल, जळालेली मोटर, तुटलेल्या तोट्या.

दुसऱ्या बाजूला तो शनिवार मांडा. ८० टी-शर्ट, एक २५० रुपयांना धरा, २० हजार झाले. दोन एसी बस, एक १२ हजारांना धरा, २४ हजार. जेवणाची पाकिटं दीडशेप्रमाणे, १२ हजार. झाले ५६ हजार. रंग, फोटोग्राफर आणि बॅनर अजून धरलेच नाहीत. म्हणजे चार तासांच्या कार्यक्रमाची नुसती ने-आण आणि खाणं-पिणं शाळेच्या अख्ख्या वर्षाच्या अनुदानाहून जास्त. ते पैसे कंपनीनं कुठल्या खात्यावर टाकायचे ते टाकावेत. पण हे वाचल्यावर 'फुकटचं मिळतंय' हा शब्द पुन्हा वापरू नका.

"पण शाळेला काय हवं ते त्यांना कसं कळणार?" असं एकानं विचारलं. तेही कायद्यानं सोडवून ठेवलंय. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते. त्यात तीन चतुर्थांश पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. या समितीचं एक मुख्य काम म्हणजे शाळा विकास आराखडा करणं. यादी तयार आहे, लेखी आहे, समितीनं बसून केलेली आहे. आमच्या यादीत पहिलं काम मुलींच्या बाथरूमपर्यंत पाण्याची लाईन, दुसरं वायरिंग, तिसरं मागच्या भिंतीची दुरुस्ती, चौथं मावशींचा वर्षाचा पगार. रंग यादीत नाही. गेल्या चार वर्षांत एकाही कंपनीनं ही यादी मागितली नाही. सगळे आपली यादी घेऊन आले आणि आमच्याकडून फक्त तारीख मागितली.

कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं की बिल आणि पगार यावर पैसे देता येत नाहीत, एकदाच होणारं काम सांगा. नियम बघा. 'चालू प्रकल्प' म्हणून सुरू केल्याचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं काम चालवायची मुभा नियमांतच आहे. उलट २०१४ च्या जूनमध्येच मंत्रालयानं सांगितलं होतं की मॅरेथॉन, बक्षीस समारंभ, जाहिरात, प्रायोजकत्व असे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरले जाणार नाहीत. म्हणजे कायदा म्हणतो, टिकून काम करा. कंपनी म्हणते, शनिवारचं सांगा.

पगारातून दान हा प्रकारही असाच. कर्मचारी महिन्याला शे-दोनशे रुपये कापून घ्यायला संमती देतात. पैसे त्यांचे, कष्ट त्यांचे. नव्या कर पद्धतीत असलेल्याला ८०जी ची सवलतसुद्धा मिळत नाही. तरी देतात, त्यांना मनापासून नमस्कार. पण शाळेच्या भिंतीवर बोर्ड लागतो तो कंपनीचा. कंपनीनं स्वतःच्या खिशातून किती घातले आणि कर्मचाऱ्यांचे किती, हे त्या बोर्डावर कधी वाचलंय का कुणी?

आता जो मुद्दा बोलायला सगळे कचरतात, तो बोलतो. आमच्या वर्गात बसणारी मुलं कोणाची आहेत? निम्म्याहून जास्त मुलं बाहेरून आलेल्या कामगारांची आहेत. बीड, नांदेड, यवतमाळ, पलीकडे बिहार, उत्तर प्रदेश. त्यांचे वडील याच पट्ट्यातल्या गेटांमधून आत जातात, पण ठेकेदाराच्या पासवर. ज्या पोराला दप्तर वाटायला साहेब येतात, त्याचा बाप कदाचित साहेबांच्याच लाईनवर उभा असतो. साहेबांना स्वयंसेवेसाठी पगारी दिवस मिळतो. बापाला पालकसभेला यायचं तर दिवसाची हजेरी जाते.

आमच्या समितीत पालकांच्या जागा आहेत, पण बैठकीला माणसं नसतात. बारा-बारा तासांच्या शिफ्टमधून येणार कधी? दर महिन्याला बैठक, आणि दर महिन्याला तेच चार-पाच चेहरे, ज्यांचं स्वतःचं दुकान आहे किंवा शेती आहे. कामगारांच्या बायका येतात कधी कधी, दाराशी बसतात, मुकाट्यानं सही करून जातात. त्यांना काय हवं हे आराखड्यात येणार कसं?

म्हणून माझी कंपन्यांना पहिली मागणी पैशाची नाहीच. तुमच्या आवारात काम करणाऱ्या प्रत्येक पालकाला, कायम असो की ठेक्यावरचा, महिन्यातून दोन तास पगारी सुट्टी द्या. शाळेच्या बैठकीसाठी. ही खरी कर्मचारी स्वयंसेवा. बसची गरज नाही, टी-शर्टची नाही. आपल्याच पोराच्या शाळेसाठी माणूस दोन तास देईल आणि त्याचे पैसे कापले जाणार नाहीत, एवढंच. हे जमत नसेल, ओव्हरटाइमचा कायद्यातला दुप्पट दर ठेकेदाराकडून मिळवून देणं जमत नसेल, तर त्या पोराच्या हातात दप्तर देताना फोटो काढायला हात धजावतो कसा? आधी घरच्यांचं देणं, मग दारच्यांना दान.

आता आक्षेप. "काहीच न करणाऱ्यांपेक्षा बरे." मान्य. आलेल्या प्रत्येक माणसाबद्दल आदर आहे. बहुतेक जण चांगल्या मनानं येतात, उन्हात राबतात. दोष त्यांचा नाही, त्यांना कुठं न्यायचं हे ठरवणाऱ्यांचा आहे. दोन वर्षांपूर्वी आलेल्या गटात देखभाल विभागातला एक इलेक्ट्रिशियन होता. रंगवता रंगवता त्यानं उघडी वायर बघितली. पुढचे तीन रविवार तो एकटा आला, दोन वर्गांचं वायरिंग बदललं, अर्थिंग करून दिलं. चहा घेतला, गेला. ना फोटो, ना आभारपत्र. त्याच्या हातात जे कसब होतं ते त्यानं दिलं. तुमच्याकडे प्लंबर आहेत, अकाउंटवाले आहेत, सुरक्षा अधिकारी आहेत, सुपरवायझर आहेत. यांच्याकडून तुम्ही ब्रश का मारून घेता?

"बाहेरचे लोक येऊन काम करतातच की, पानी फाउंडेशनला नव्हते का गेले?" गेले होते, आणि तेच उदाहरण घ्या. वॉटर कपच्या ४५ दिवसांत गाव आधीच खणत होतं. कुठं चर, कुठं बांध, हे गावानं प्रशिक्षण घेऊन ठरवलेलं. १ मे ला शहरातून गेलेल्या माणसाच्या हातात कुदळ दिली आणि सांगितलं, इथं खण. पाहुणा यजमानाच्या कामात सामील झाला. एनएसएस केलेल्यांनाही आठवेल. दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर, तिथंच झोपायचं, तिथंच खायचं, दोन वर्षांत २४० तास भरायचे. कॉलेजची पोरं सात दिवस राहतात, आणि कोट्यवधींची कंपनी चार तासांत परत. दुपारी जेवण करून निघायचं असतं, कारण नंतर ट्रॅफिक लागतं. त्या ट्रॅफिकमध्ये कंपन्यांचेच ट्रक असतात, ते सोडा.

"हे सरकारचं काम आहे, कंपन्यांना का बोलता?" हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पाणी, वीज, शिक्षक हे सरकारनंच द्यायचं आहे. कंपनीच्या फुलपाखरांमागे झेडपीची जबाबदारी झाकली जाते, हीच तर भीती आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारनं दत्तक शाळा योजना आणली, देणगीदाराचं नाव ठरावीक काळासाठी शाळेला जोडायची मुभा दिली. तेव्हा अनेक शिक्षक आणि पालकांनी विरोध केला तो याच भीतीनं. सरकारला आम्ही सोडलेलं नाही, आमचे अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर आहेत. पण कंपनीनं कायद्यानं पैसे द्यायचेच आहेत, तर ते शाळेच्या यादीप्रमाणे द्यावेत, एवढं म्हणायचा हक्क आम्हाला आहे.

तेव्हा ज्यांना खरंच काही करायचंय त्यांच्यासाठी सरळ सांगतो.

१. येण्याआधी शाळा विकास आराखडा मागा. त्यातलं एक काम निवडा. तुमची थीम गुंडाळून ठेवा.

२. एक शाळा घ्या आणि तीन वर्षं सोडू नका. दहा शाळांत दहा फोटो काढण्यापेक्षा एका शाळेच्या तोटीला तीन वर्षं पाणी येऊ द्या.

३. शाळेच्या वेळेत कार्यक्रम नको. मुलं रांगेत उभी करायची नाहीत, त्यांचे दप्तर घेतानाचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय काढायचे नाहीत. गरिबी ही कुणाच्या अहवालाची सजावट नाही.

४. शाळेच्या दारात मराठीत फलक लावा. काम कोणतं, खर्च किती, कंपनीचे किती, कर्मचाऱ्यांचे किती.

५. ठेक्यावरच्या कामगारांसह सगळ्या पालकांना बैठकीसाठी पगारी दोन तास.

आणि आपण गावकऱ्यांनी काय करायचं? सीएसआर धोरण, समिती आणि मंजूर प्रकल्प कंपनीनं आपल्या वेबसाइटवर टाकायचे असतात, नियमच आहे. आपल्या गेटसमोरच्या कंपनीचं पान उघडा. किती रक्कम, कुठल्या जिल्ह्यात, कशावर, ते वाचा. आपल्या परिसरात किती आली ते बघा. ग्रामसभेत विचारा. कंपनीला पत्र लिहा, पोच घ्या. दुसऱ्या गावांतल्या समिती सदस्यांनो, तुमचा आराखडा कपाटात असेल तर बाहेर काढा, नसेल तर पुढच्या बैठकीत करायला घ्या. यादी हातात असली की पाहुण्याशी बोलताना आवाज आपोआप सरळ होतो.

लक्ष्मी दारात येते म्हणतात. यावी, जरूर यावी. पण आल्यावर घरातल्या बाईला निदान विचारावं तरी की बाई, तुला काय कमी आहे? आमच्या शाळेतल्या मुली बाथरूमला जायचं टाळण्यासाठी सकाळपासून पाणी पीत नाहीत. त्यांना फुलपाखरू नको आहे, नळाला पाणी हवंय.

ज्या कंपनीला हे काम घ्यायचंय तिनं मुख्याध्यापकांना भेटावं, आराखड्याची प्रत तयार आहे. कंपन्यांत काम करणारे जे मित्र हे वाचत असतील, त्यांनी आपल्या एचआरला ही पोस्ट दाखवावी. नावानिशी पाठवायची हिंमत नसेल तर नुसती कॉपी करून पाठवा, माझी हरकत नाही.